किल्ट नेसण्यापूर्वी: स्कॉटिश नसलेल्यांसाठी मार्गदर्शन

एडिंबरा किंवा ग्लासगो येथे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाच्या हाती पहिल्या एक-दोन वर्षांत केव्हा तरी अशी आमंत्रणपत्रिका पडते, जिच्या तळाशी पुरुषांसाठी 'किल्ट किंवा औपचारिक पोशाख' असे छापलेले असते. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेभोवती गुंडाळतात ते निऱ्यांचे, गुडघ्यापर्यंतचे वस्त्र. निमित्त सहकाऱ्याच्या लग्नाचे असेल, कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या 25 जानेवारीच्या बर्न्स रात्रीचे असेल, 30 नोव्हेंबरच्या सेंट अँड्र्यू दिनाचे असेल, नाहीतर स्वतःच्याच पदवीदानाचे असेल. पत्रिका वाचताच दोन प्रश्न एकदम उभे राहतात. हे नेसतात कसे, हा एक; आणि आपण स्कॉटिश नसताना हे नेसावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भाड्याने पोशाख देणारे दुकानदार देतात, दुसऱ्याचे सहसा कोणी देत नाही. माझ्या अनुभवात दुसरा प्रश्न मनात अडकलेला असला, की पहिल्याचे उत्तर नीट मिळूनही माणूस सारी संध्याकाळ अवघडून उभा राहतो. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

अधिकाराचा प्रश्न

कायदा काय म्हणतो, हे आधी सांगून टाकतो. किल्ट कोणी नेसावा आणि कोणते टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत पट्ट्यांची कोणती वीण, कोणी वापरावे, यावर सर्वसामान्य माणसाला लागू होणारा कोणताही प्रतिबंध स्कॉटलंडमध्ये नाही. जे काही आहे ते रीतीचे आणि संकेताचे आहे, आणि ती रीत किती जुनी आहे हे समजून घेतले तर मनावरचे बरेचसे ओझे उतरते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील पुरुष जे वस्त्र वापरत, त्याला गेलिक भाषेत 'फेला मोर', म्हणजे मोठा किल्ट, असे म्हणतात. चार-पाच वार लांबीचे न शिवलेले लोकरी कापड जमिनीवर पसरायचे, हातांनी त्याच्या निऱ्या घालायच्या, खालून पट्टा सरकवायचा, त्यावर आडवे होऊन ते कमरेभोवती आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा, असा तो प्रकार होता. धोतर नेसणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात अपरिचित असे काही वाटू नये. फरक एवढाच, की आपल्या निऱ्या पुढे येतात आणि त्यांच्या मागे. मराठीत शिवलेले कपडे आपण घालतो आणि न शिवलेले नेसतो. आजच्या किल्टच्या निऱ्या कायमच्या शिवून टाकलेल्या असल्या, तरी तो कमरेभोवती गुंडाळलाच जातो, म्हणून या लेखात मी 'नेसणे' हेच क्रियापद ठेवले आहे.

खांद्यावरचा भाग गाळून केवळ कमरेखाली उरलेला 'फेला बेग', म्हणजे लहान किल्ट, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. तो प्रथम शिवून घेण्याचे श्रेय थॉमस रॉलिन्सन या लँकाशायरहून आलेल्या इंग्रज लोहव्यावसायिकाला देणारे एक पत्र 1785 मध्ये एडिंबऱ्याच्या मासिकात छापले गेले. इतिहासकारांचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि काही स्कॉटिश मित्रांसमोर हा विषय काढताना जरा बेतानेच काढावा. पुढे 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणू पाहणाऱ्या, बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलँडमधील पुरुषांना आणि मुलांना हा पोशाख वापरण्यास बंदी केली. पहिल्या अपराधाला सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. बंदी उठली ती 1782 मध्ये. या छत्तीस वर्षांत किल्टला उघड मुभा होती ती ब्रिटिश सैन्यातील हायलँड पलटणींना, आणि ज्या सत्तेने घरी किल्ट काढून घेतला तिनेच तो सैनिकांच्या अंगावर चढवून जगभर पाठवला.

आज ज्याला 'घराण्याचे टार्टन' म्हणतात त्याची पक्की यादी यानंतरची आहे. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळांच्या प्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा आपले टार्टन नेमके कोणते हे काहींना ठाऊक नव्हते. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीच्या मागांवर विणलेल्या नमुन्यांपैकी अनेकांना आधी केवळ क्रमांक होते, कुळांची नावे मागाहून मिळाली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला. त्या स्वागताची सारी आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली होती, आणि लोलँडमधील, म्हणजे दक्षिणेकडील सखल भागातील प्रतिष्ठित मंडळी, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हायलँडच्या लोकांना रानटी म्हणून हिणवले असेल, तीही किल्ट नेसून रांगेत उभी राहिली. राजाने स्वतः किल्ट नेसला तो खाली त्वचेच्या रंगाचे तलम पायमोजे चढवून. आज ग्लासगोच्या रस्त्यावर किल्ट नेसून फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या तरुणाचे पूर्वजही हायलँडचे असतीलच असे नाही. वंशाची अट लावायचीच झाली, तर तीत निम्मे स्कॉटलंड नापास होईल.

याचा अर्थ किल्ट हा केवळ बनाव आहे असा मात्र काढू नये. दोनशे वर्षे लग्नात, अंत्यविधीत आणि युद्धात जे वस्त्र वापरले गेले, त्याला आता स्वतःची खरी परंपरा आहे, आणि ज्यांची ती आहे त्यांना ती प्रिय आहे. त्यांना खटकते ते परक्याने किल्ट नेसणे नव्हे, तर त्याचे सोंग करणे. लाल केसांचा टोप असलेली टोपी, नकली दाढी आणि चुकीच्या उच्चारातील आरोळ्या यांसह नेसलेला किल्ट आणि यजमानाच्या आमंत्रणाचा मान राखून नीटनेटका नेसलेला किल्ट यांतला फरक तिथल्या शाळकरी मुलालाही कळतो. पत्रिकेवर 'किल्ट' असे लिहिलेले असेल, तर ते आमंत्रण तुम्हालाही आहे.

मराठी माणसासाठी या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेविरुद्ध ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्यात हायलँडच्या 74व्या आणि 78व्या पलटणी लढल्या, आणि त्या लढाईची खूण म्हणून हत्तीचे चिन्ह आणि 'असई' हे नाव त्या पलटणींच्या बोधचिन्हांत गेले. तेव्हा एखाद्या जुन्या बिल्ल्यावर हत्ती दिसला, तर तो आपल्याच मातीतून उचललेला आहे हे लक्षात असू द्यावे. माझ्यापुरता मी याचा निकाल असा लावला आहे, की नागरी किल्ट आनंदाने नेसतो आणि पलटणींची चिन्हे, बिल्ले व बटणे अंगावर घेत नाही. ती न घेण्याचे शिष्टाचाराचे कारण पुढे येईलच. इथे सांगितलेले कारण मात्र माझे स्वतःचे आहे.

टार्टन निवडणे

टार्टन म्हणजे आडव्या-उभ्या रंगीत पट्ट्यांची ठरावीक वीण, आणि तिच्या एका पूर्ण आवर्तनाला 'सेट' म्हणतात. आडनाव ऐकताच समोरच्याचे गाव, कूळ आणि देवक यांचा अंदाज बांधण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिचा सभ्य अवतार स्कॉटलंडमध्ये टार्टनच्या निमित्ताने भेटतो. 'हे कोणते टार्टन?' हा प्रश्न संध्याकाळभरात चार-पाच वेळा तरी विचारला जाईल. त्याचे एका वाक्यातले खरे उत्तर तुमच्याकडे असले पाहिजे, आणि टार्टन निवडण्याची माझी सारी पद्धत या एका कसोटीवर उभी आहे.

सर्वांत सोपी वाट सार्वजनिक टार्टनची. ब्लॅक वॉच, म्हणजे गडद निळ्या-हिरव्या रंगाचे सरकारी टार्टन, हंटिंग स्टुअर्ट, कॅलिडोनिया, फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड ही कोणत्याही एका कुळाची मालकी न मानता सर्रास वापरली जातात. लालभडक रॉयल स्टुअर्ट हे संकेताने राजाचे टार्टन असले, तरी बिस्किटांच्या डब्यापासून विजारीपर्यंत ते इतके सर्वत्र दिसते की ते नेसल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. मात्र त्याच कारणाने ते मला पर्यटकी वाटते. दुसरी आणि माझ्या मते अधिक समर्पक वाट जिल्ह्यांच्या व शहरांच्या टार्टनची आहे. एडिंबरा, ग्लासगो, स्टर्लिंग अशा अनेक ठिकाणांची टार्टन आहेत, आणि तुम्ही तिथे राहत असाल, तिथे भाडे आणि कर भरत असाल, तर 'मी या शहरात राहतो' हे उत्तर निखळ खरे आहे. अनेक विद्यापीठांचीही स्वतःची टार्टन आहेत आणि पदवीदानाला ती शोभून दिसतात. लग्नात नवरदेवाने आपल्या जवळच्या मित्रांना एकाच टार्टनचे किल्ट ठरवले असतील, तर निमूटपणे तेच नेसावे. तेथे तुम्ही त्याच्या कुळात शिरल्याचा दावा करत नसता, त्याच्या बाजूने उभे राहत असता.

एखाद्या कुळाचे टार्टन केवळ रंग आवडले म्हणून निवडता येते का? येते, कोणी अडवणार नाही. पण त्याच कुळाच्या एखाद्या वयस्कर गृहस्थाने कौतुकाने 'तुमचे नाते कोणत्या शाखेकडून?' असे विचारले, तर 'रंग आवडला' हे उत्तर देताना जीभ जड होते. आईकडून किंवा पत्नीकडून खरोखर नाते असेल, तर संकोच करण्याचे कारण नाही; कुळांना जोडलेल्या उपकुळांची यादी लांबलचक असते आणि विवाहाने जोडलेले नातेही पुष्कळ लोक मान्य करतात. बाल्मोरल टार्टनच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते राजघराण्यासाठी राखलेले आहे.

भारतीय उपखंडाशी वंशाचे नाते असलेल्या लोकांनी या पद्धतीत स्वतःची जागा केव्हाच केली आहे. 1999 मध्ये 'सिंग' नावाचे टार्टन तयार झाले आणि शीख स्कॉटिश मंडळी ते पगडीसह मिरवतात. ग्लासगोत जन्मलेले, पाकिस्तानी पंजाबी वंशाचे हमझा युसुफ, जे 2023 मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले, त्यांनी 2016 मध्ये संसद सदस्यत्वाची शपथ शेरवानी आणि किल्ट अशा जोडीने, इंग्रजी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत घेतली होती. नवे टार्टन नोंदवायचे असल्यास 2009 पासून स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स ही अधिकृत नोंदवही आहे. वीण आधीच्या कोणत्याही टार्टनहून वेगळी असावी लागते आणि ज्या नावाने ते नोंदवायचे त्या नावाशी अर्जदाराचा संबंध दाखवावा लागतो. मराठी मंडळींनी एकत्र येऊन हे करायला हरकत नाही, परंतु पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी तो मार्ग नव्हे.

टोपी घालणार असाल, तर एका ठिकाणी खरोखर सावध राहावे. टार्टनला कायदा नाही, पण स्कॉटलंडमध्ये मानचिन्हांना आहे, आणि लॉर्ड लायन हे त्याचे अधिकारी आहेत. पट्टा-बक्कलच्या वर्तुळातील कुळाचा बिल्ला हा कुळाच्या माणसाने लावायचा असतो, तर टोपीतील गरुडाची पिसे हुद्दा सांगतात. तीन पिसे म्हणजे कुळाचा प्रमुख. पलटणींच्या चिन्हांचेही तसेच आहे, ती तिथे सेवा केलेल्यांची असतात. नवख्याने टोपी घालूच नये, हे उत्तम. सभागृहात ती काढावीच लागते.

माप आणि भाडे

पहिला किल्ट विकत घेऊ नये. हाताने शिवलेल्या, आठ वार शुद्ध लोकरीच्या किल्टला काही शे पौंड पडतात आणि तो तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. पर्यटकांच्या गल्लीत टांगलेले स्वस्त किल्ट बहुधा ॲक्रिलिकचे, कमी कापडाचे असतात. त्यांच्या निऱ्या वाऱ्यावर फडफडतात आणि बसल्यावर चुरगळतात. गंमत अशी, की त्यांतले बरेच आपल्याच उपखंडात, विशेषतः सियालकोटला शिवलेले असतात, तेव्हा 'मूळ स्कॉटलंडची वस्तू' म्हणून ते मायदेशी नेण्यात फारसे स्वारस्य नाही. भाड्याच्या दुकानात किल्ट, जाकीट, शर्ट, मोजे, बूट असा पूर्ण संच मिळतो. समारंभाच्या किमान महिनाभर आधी जावे. उन्हाळ्यात, लग्नसराईत, त्याहून आधी.

माप देताना नवख्यांची ठरलेली चूक मीही केली होती. दुकानात मी विजारीचे माप सांगितले, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी किल्ट अंगाला लावून पाहिला तेव्हा पट्टे बकलांपर्यंत पोहोचेनात. विजार आपण कमरेच्या हाडांवर घालतो; किल्ट त्याच्या पुष्कळ वर, बेंबीच्या पातळीवर बसतो, आणि पोटाचा घेर तिथे काही इंचांनी अधिक असतो. मापे तीन घ्यावीत: बेंबीवरून कमरेचा घेर, नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची उंची. उंचीचे माप दुसऱ्याकडून घ्यावे, कारण स्वतः वाकून पाहिले की ते चुकते. किल्टचा काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा तिच्या किंचित वर यायला हवा. त्याहून खाली गेला तर तो स्कर्टसारखा दिसतो, आणि किल्टला स्कर्ट म्हटलेले तिथे फारसे खपत नाही.

कापडाच्या वजनाबद्दलही विचारावे. 13 ते 16 औंसांचे कापड स्कॉटलंडच्या वाऱ्यात आपल्या जागी राहते आणि निऱ्यांना वळण देते. मुंबईतल्या किंवा पणजीतल्या समारंभासाठी कोणी नेणार असेल, तर 10-11 औंसांच्या पलीकडे जाऊ नये. आठ वार लोकर मे महिन्यात काय करते हे सांगण्याची गरज नाही.

जाकिटाचे मुख्य दोन प्रकार आहेत. 'प्रिन्स चार्ली' हे काळे, आखूड, रात्रीच्या समारंभाचे. त्याबरोबर तीन बटणांचे वेस्टकोट आणि बो-टाय. 'आर्गाइल' हे त्याहून साधे, साध्या टायवरही चालणारे आणि दिवसा-रात्री दोन्हींना उपयोगी. निवड सुचत नसेल, तर आर्गाइल घ्यावे. आपला नेहमीचा कोट वर चढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण किल्टचे जाकीट मुद्दाम आखूड बेतलेले असते आणि लांब कोटाने पुढची सारी मांडणी झाकली जाते. बंद गळ्याचा जोधपुरी कोट घालायचा असेल, तर तो आखूड शिवून घ्यावा. तो किल्टवर फार देखणा दिसतो, असे माझे मत आहे. फेटाही चालतो, लग्न दोन्हीकडच्या रीतीचे असेल तर विशेषच.

शाकाहारी किंवा गोचर्म टाळणाऱ्या वाचकांनी दुकानात आधीच सांगून ठेवावे. स्पॉरन (म्हणजे किल्टच्या पुढे लटकणारी पिशवी), पट्टा आणि बूट ही तिन्ही सहसा चामड्याची असतात, आणि समारंभी स्पॉरनवर सीलचे कातडेही असू शकते. कृत्रिम लोकरीचे किंवा कापडी स्पॉरन मागितल्यास मिळते.

स्त्रियांबद्दल थोडक्यात: बॅगपाइपच्या पथकांत आणि हायलँड नृत्यात मुली व स्त्रिया किल्ट नेसतात, त्यामुळे बंदी कशाचीच नाही; पण लग्नसमारंभांत त्या सहसा लांब पोशाखावर टार्टनची पट्टी खांद्यावर घेऊन पिनेने अडकवतात. साडीवर ती पट्टी घेता येते, आणि पदर तसाच मोकळा ठेवून दुसऱ्या खांद्यावर घेतली तर गर्दी होत नाही.

नेसण्याचा क्रम

शर्ट घातल्यावर आधी मोजे आणि बूट चढवावेत आणि मग किल्टला हात लावावा. किल्ट नेसल्यावर वाकणे अवघड जाते, हे एकदा अनुभवल्याशिवाय पटत नाही. जाड लोकरी मोजे गुडघ्याखालपर्यंत ओढून त्यांचा वरचा भाग दुमडावा; दुमड गुडघ्याच्या वाटीच्या तीन-चार बोटे खाली असावी. दुमडीच्या आत इलॅस्टिकचे बंद येतात आणि त्यांना शिवलेल्या कापडी पट्ट्या, ज्यांना 'फ्लॅश' म्हणतात, त्या पायाच्या बाहेरच्या बाजूने दुमडीखाली दिसू द्याव्यात. बुटांना जीभ नसते आणि नाड्या लांब असतात. नाड्या पुढे तीन-चार वेळा एकमेकींभोवती पिळाव्यात, घोट्याच्या मागे नेऊन फुली घालावी आणि पुढे आणून बांधाव्यात. पोटरीवर उंचच उंच गुंडाळू नयेत. ते नाटकातल्या सैनिकासारखे दिसते.

आता किल्ट. निऱ्या मागे आणि दोन सपाट, बिननिऱ्यांचे भाग, ज्यांना ॲप्रन म्हणतात, पुढे अशा रीतीने तो कमरेमागे धरावा. आतला ॲप्रन उजवीकडून डावीकडे न्यावा, त्याच्या टोकाचा पट्टा कमरेच्या डाव्या बाजूला असलेल्या फटीतून बाहेर काढावा आणि तिथल्या बकलात अडकवावा. मग बाहेरचा ॲप्रन डावीकडून उजवीकडे आणून उजव्या बाजूची बकले लावावीत. वरचे घट्ट असावे, खालचे केवळ कापड सपाट ठेवण्यापुरते. ते आवळले तर मागच्या निऱ्या उघडतात. ॲप्रनच्या दशा सोडलेला काठ तुमच्या उजव्या हाताला आला, तर सारे बरोबर आहे. आरशात पाहून टार्टनची मधली उभी रेघ बेंबीच्या सरळ रेषेत येते का, हेही तपासावे.

दशांच्या काठाजवळ, खालून सुमारे चार बोटे वर, किल्टची पिन लावतात. ती फक्त बाहेरच्या ॲप्रनला लावायची. दोन्ही थर एकत्र टोचले, तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते, आणि भाड्याच्या किल्टचे नुकसान तुमच्या खात्यावर पडते.

स्पॉरनची साखळी किल्टच्या मागच्या दोन पट्ट्यांतून ओवावी. वेस्टकोटाच्या टोकापासून स्पॉरनच्या वरच्या काठापर्यंत सुमारे चार बोटे अंतर असावे. किल्टला खिसे नसल्यामुळे पाकीट, किल्ल्या, फोन सारे त्यातच जाते; फार भरले, की चालताना ते प्रत्येक पावलाला मांडीवर आदळते. वेस्टकोट घातले असेल, तर वरून रुंद पट्टा लावू नये.

मोज्यातली सुरी

उजव्या मोज्यात खोचायच्या लहान सुरीला 'स्किअन डू' म्हणतात. मुठीचा भाग वर दिसावा, बाकीची मोज्यात. डावखुरा असाल तर डाव्या मोज्यात. सार्वजनिक जागी धारदार शस्त्र बाळगणे हा स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे, परंतु 1995 च्या फौजदारी कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून आणि धार्मिक कारणासाठी बाळगलेल्या शस्त्राला बचाव दिलेला आहे. शिखांच्या कृपाणाला आणि स्किअन डूला तेथे एकाच कलमाचा आधार मिळतो, हे मला नेहमी लक्षणीय वाटते. तरीही हा बचाव आहे, परवाना नव्हे. समारंभ संपल्यावर तोच पोशाख घालून मद्यालयांतून भटकायचे असेल, तर सुरी घरी ठेवावी. भाड्याच्या संचात सहसा प्लॅस्टिकच्या पात्याची नकली सुरी येते. नवख्याने तीच घ्यावी. विमानप्रवासात ती हातसामानात अजिबात नेऊ नये.

बसणे, नाचणे आणि उत्तरे देणे

बसताना दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खाली सारत बसावे आणि गुडघे जवळ ठेवावेत. स्पॉरन आपोआप मध्ये पडून झाकण्याचे काम करते. नऊवारी नेसून मांडी घालणाऱ्या आजीला जी सहजता असते, ती एका संध्याकाळी येत नाही, पण तासाभरात निम्मी येते. उंच जिना, वाऱ्याचा पूल आणि खालून वर पाहणारा छायाचित्रकार या तिघांपासून सावध राहावे.

लग्नानंतर बहुतेक ठिकाणी 'केली', म्हणजे सामूहिक नाच असतो. गे गॉर्डन्स, डॅशिंग व्हाइट सार्जंट, स्ट्रिप द विलो ही नावे पुकारली जातील. पावले पुकारणारा सांगतो आणि चुकलेल्याला शेजारचा ओढून जागेवर आणतो. नाचण्यापूर्वी स्पॉरन कमरेवरून फिरवून बाजूला घ्यावे, नाहीतर दुसऱ्याच गिरकीला त्याचा अर्थ कळतो. जाकीट काढायचे झाल्यास नवरदेवाने काढल्यावर काढावे.

आत काय घातले आहे, हा प्रश्न येणारच. 'काहीही नाही' हा विनोद सैन्यातून आला आणि तिथेच शोभतो. भाड्याचा किल्ट तुमच्या आधी पन्नास जणांनी नेसलेला असतो, तेव्हा आरोग्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. विचारणाऱ्याला हसून बगल द्यावी. कोणी किल्ट उचलून पाहण्याचा प्रयत्न केला, तर मात्र ती गंमत नव्हे आणि तसे ठणकावून सांगण्यात परकेपणा आड येऊ देऊ नये. या बाबतीत स्थानिक पुरुषही अलीकडे गप्प बसत नाहीत.

'तुम्ही स्कॉटिश आहात का?' असे विचारले, तर 'नाही, मी महाराष्ट्रातला, गेली चार वर्षे इथे राहतो, हे ग्लासगोचे टार्टन आहे' एवढे पुरते. पूर्वजांची कहाणी रचू नये. तिथे वंशावळीचा अभ्यास हा अनेकांचा छंद आहे आणि रचलेली कहाणी तिसऱ्या प्रश्नाला कोसळते. क्वचित कोणी तिरकस बोलेल. माझ्या वाट्याला ते दहा वर्षांत एकदाच आले, आणि बोलणाऱ्याला त्याच्याच चुलत्याने, मी काही म्हणण्यापूर्वी, गप्प केले.

उतरवल्यानंतर

भाड्याचा संच ठरलेल्या दिवशी, बहुधा सोमवारी, परत द्यायचा असतो. स्वतः धुण्याच्या फंदात पडू नये. डाग पडला असेल तर दाखवून द्यावा. पिन, फ्लॅश आणि कफची बटणे मोजून पिशवीत घालावीत, कारण याच तीन वस्तू हॉटेलच्या खोलीत राहतात, आणि स्पॉरन उलटे करून झटकावे.

पुढे कधी स्वतःचा किल्ट घेतलात, तर तो रुंद चिमट्यांच्या हँगरवर कमरेकडून लटकवावा, ओलसर असेल तर मोकळ्या हवेत वाळवूनच कपाटात ठेवावा, ब्रशने झाडावा आणि वर्षानुवर्षे ड्रायक्लीनला देऊ नये. लोकरीला कसर लागते, म्हणून देवदाराचे तुकडे किंवा डांबराच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. भारतात नेताना घडी न घालता निऱ्या एकमेकींवर सपाट ठेवून, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळकटीसारखा गुंडाळावा आणि जुन्या तलम पायमोज्याचा पाय कापून त्या नळीत सरकवावा; मुंबईला बॅग उघडल्यावर इस्त्रीची गरज पडत नाही.